चार्ज, भार आणि भरणे

इंग्रजीतील ‘चार्ज’ या क्रियापदाने छत्तीसगडातल्या भिलाई या पोलाद कारखान्याच्या गावात एकाच वेळी पाच-सहा संसार थाटले आहेत. कोक ओव्हनच्या माथ्यावरून भट्टीत कोळसा सोडणे म्हणजे चार्ज करणे. पाळी संपताना पुढच्या माणसाला काम समजावून देणे म्हणजे चार्ज देणे. शिस्तभंगाचा कागद हातात पडला की ती चार्जशीट. कारखान्याच्या टाउनशिपबाहेर, वैशाली नगरातल्या घरात मोबाइल चार्जिंगला लावलेला असतो आणि महिनाअखेर येणाऱ्या वीजबिलात निरनिराळे चार्जेस असतात. पोलिसांनी जमाव पांगवला तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात लाठीचार्ज. या सगळ्या ठिकाणी शब्द एकच आहे, पण तो एका वाटेने आलेला नाही. काही अर्थ घोडदळाबरोबर आले, काही कचेरीतून, काही भट्टीतून आणि शेवटचा भिंतीतल्या सॉकेटमधून.

शब्दाचे मूळ गाडीत आहे. प्राचीन गॉल लोकांच्या चाकांच्या गाडीला रोमन लोक ‘कार्रुस’ म्हणू लागले. उत्तरकालीन लॅटिनमध्ये त्यावरून ‘कार्रिकारे’ हे क्रियापद झाले. अर्थ, गाडीत माल भरणे. त्याचे जुन्या फ्रेंचमध्ये ‘शार्जिए’ झाले आणि नॉर्मन राजवटीमागून तेराव्या शतकात ते इंग्रजीत स्थिरावले. मोटारीची ‘कार’, जहाजावरचा ‘कार्गो’ आणि इटालियनमधून आलेले ‘कॅरिकेचर’ म्हणजे अर्कचित्र ही त्याच घरातली भावंडे. अर्कचित्रात नाक-कान वाजवीपेक्षा जास्त ‘लादलेले’ असतात, म्हणून ते नाव.

गाडीवर ओझे लादता येते तसे माणसावर कामही लादता येते. त्यातून जबाबदारी सोपवण्याचा अर्थ निघाला. जबाबदारीबरोबर खर्चाचा बोजा आला, खर्चावरून आकार आणि शुल्क आले. माणसावर दोष लादला तर तो आरोप झाला. तोफेत दारूगोळा भरणे हाही चार्ज. आता भाला आडवा धरून किंवा तोफ ठासून शत्रूवर तुटून पडणे हा अर्थ नेमका कुठल्या पायरीवरून आला याची उकल वेगवेगळी केली जाते, पण शस्त्र सज्ज करणे आणि ते घेऊन धावणे यांत लढाईत फार अंतर राहत नाही.

विजेचा अर्थ सर्वांत धाकटा. १७४५-४६ च्या सुमारास लायडन बरणी तयार झाली आणि घर्षणाने निर्माण केलेली वीज काचेच्या बरणीत साठवता येऊ लागली. बेंजामिन फ्रँकलिनने १७४० च्या दशकातील आपल्या पत्रांत बरणी ‘चार्ज’ करण्याची भाषा वापरली. त्याच्या डोळ्यांसमोर तोफ होती: दारू भरावी तशी वीज भरायची आणि ठिणगी पडली की ती सुटायची. पुढे त्याने अनेक बरण्या एकत्र जोडल्या आणि त्या ओळीला ‘बॅटरी’ म्हटले. बॅटरी हाही तोफखान्याचाच शब्द, एका जागी मांडलेल्या तोफांचा समूह. मोबाइलची बॅटरी चार्ज करणारा माणूस अशा रीतीने दोन्ही शब्द तोफखान्यातून उसने घेतो. भिलाईत हीच जोडी आणखी एका रूपात भेटते. ते पुढे येईल.

हे क्रियापद आले तेव्हा मराठीचे घर काही रिकामे नव्हते. लॅटिन ‘कार्रुस’ जी वाट चालला तीच संस्कृत ‘भृ’ धातू फार आधीपासून चालत होता. ‘भृ’ म्हणजे वाहणे, धारण करणे. त्यावरून ‘भार’ म्हणजे ओझे. भाराचा कार्यभार, पदभार, अधिभार, प्रभार आणि विद्युतभार झाला. उपकाराचे ओझे मान्य करायचे तर ‘आभार’ही तिथेच. त्याच धातूच्या कुळातले ‘भरणे’ हे मराठी क्रियापद तर इतके कामसू आहे की इंग्रजी ‘चार्ज’शी त्याची कुस्ती लावता येईल. गाडी भरतात, बंदुकीत बार भरतात, भट्टी भरतात, फी भरतात, दंड भरतात, न्यायालयात खटला भरतात, एखाद्याचे कान भरतात. गाडी, बंदूक, भट्टी, पैसा आणि आरोप हे ‘चार्ज’चे पाचही प्रमुख प्रांत एकट्या ‘भरणे’ने आधीच व्यापलेले दिसतात. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता ओझ्यापासून हिशेबापर्यंत सारखाच प्रवास करावा, हे योगायोगापेक्षा माणसाच्या विचाराच्या सवयीमुळे झाले असावे.

फरक दिशेचा आहे. दुकानदार ‘चार्ज’ करतो आणि गिऱ्हाईक ‘भरते’. इंग्रजी क्रियापद लादणाऱ्याच्या बाजूने बोलते, मराठी क्रियापद पैशाच्या बाबतीत तरी ज्याच्या खिशातून जाते त्याच्या बाजूने. लादणाऱ्याच्या बाजूने बोलायला मराठीने ‘आकारणे’ ठेवले आहे. आकार म्हणजे रूप आणि आकार म्हणजे ठरवलेली रक्कमही. महसुलाच्या सातबारा उताऱ्यावर जमिनीची ‘आकारणी’ रुपया-पैशांत लिहिलेली असते आणि महाराष्ट्रातल्या वीजबिलावर ‘स्थिर आकार’ व ‘वहन आकार’ अशा ओळी असतात.

सोपवण्याच्या अर्थासाठी मराठीचा शब्द फारसी-अरबीतून आला: हवाला. ‘हवाली करणे’ म्हणजे ताब्यात देणे. ज्याच्याकडे हवाला तो हवालदार. शिवकालीन किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे अधिकारी असत आणि हवालदाराच्या हाती गडाच्या किल्ल्या असत. शब्दशः पाहिले तर हवालदार म्हणजे आजच्या भाषेतला ‘इनचार्ज’. पुढच्या राजवटींत तो घसरत घसरत चौकीतल्या शिपायापर्यंत आला आणि त्याची मोकळी झालेली खुर्ची इंग्रजी शब्दाने घेतली.

छत्तीसगडात या खुर्चीपालटाची तारीख बरीचशी नेमकी सांगता येते. नागपूरकर भोसल्यांचा सरदार भास्करपंत याने १७४१ मध्ये रतनपूर घेतले. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहून राज्य करू लागले आणि त्यांच्या काळात कचेरीचे लिखाण मराठीत, मोडी लिपीत होऊ लागले. बिंबाजींनंतर सुभेदार आले, परगण्यांवर कमाविसदार बसले. म्हणजे आज जिथे भिलाई आहे त्या मुलखाचा हिशेब अर्धशतकाहून अधिक काळ मराठी क्रियापदांनी भरला जात होता. ‘चार्ज’ तिथे आला तो नागपूरमार्गे, आणि आला तो घोड्यावरून.

२६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी नागपुरातील सीताबर्डीच्या टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याची फौज यांच्यात लढाई सुरू झाली. रात्रभर गोळाबारी चालली. दुसऱ्या दिवशी भोसल्यांच्या अरब पायदळाने धाकटी टेकडी घेतली आणि इंग्रजांचा डाव जवळजवळ हरला होता. त्या क्षणी कॅप्टन फिट्झजेराल्ड याने बंगाल घोडदळाच्या तीन तुकड्या घेऊन मैदानात मुसंडी मारली आणि भोसल्यांच्या घोडदळाची फळी मोडली. इंग्रजी इतिहासग्रंथांत हा प्रसंग ‘चार्ज’ याच शब्दाने नोंदला गेला आहे. बखरीच्या मराठीत त्याला ‘घोडी घातली’ किंवा ‘चालून घेतले’ म्हटले असते. पुढच्याच वर्षी अप्पासाहेब पदच्युत झाले आणि बाल रघूजी तिसऱ्याच्या नावाने जेंकिन्स कारभार पाहू लागला. छत्तीसगडावर इंग्रज सुपरिंटेंडेंट नेमले जाऊ लागले. त्यांतल्या ॲग्न्यूने मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास हलवले. घोडदळाच्या एका चार्जमुळे अख्खा प्रांत दुसऱ्या अर्थाच्या चार्जमध्ये गेला.

१८३० मध्ये कारभार भोसल्यांकडे परत आला, पण १८५३ मध्ये रघूजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिकडे क्रिमियात बालाक्लावाच्या मैदानात ब्रिटिश हलक्या घोडदळाने केलेली आत्मघातकी चाल टेनिसनच्या कवितेमुळे जगातला सर्वांत प्रसिद्ध ‘चार्ज’ ठरली. भारतात मात्र या शब्दाचे भवितव्य रणांगणावर नव्हते, टेबलावर होते.

कंपनीच्या आणि नंतर राणीच्या राज्यात अधिकाऱ्यांच्या बदल्या सतत होत. जाणारा तिजोरी, दप्तर, कैदी आणि शिक्के येणाऱ्याच्या ताब्यात देई, दोघे एका कागदावर सही करीत, आणि त्या कागदाला चार्जचा दाखला म्हणत. तारखेवर पगार ठरे, त्यामुळे चार्ज सकाळी घेतला की दुपारी याला महत्त्व आले. आजही सरकारी भाषेत ‘मध्यान्हपूर्व’ आणि ‘मध्यान्होत्तर’ कार्यभार स्वीकारला असे लिहिले जाते ते त्याच शिरस्त्याने. हळूहळू चार्ज म्हणजे केवळ जबाबदारी न राहता जागाही झाली. खानेसुमारीत मोजणीदाराचा गट, अनेक गटांचे वर्तुळ आणि अनेक वर्तुळांचा ‘चार्ज’ अशी रचना होती. तालुक्याचा तहसीलदार हा जनगणनेचा ‘चार्ज अधिकारी’ ही पद्धत स्वातंत्र्यानंतरही टिकली. १८६१ मध्ये नागपूर ही राजधानी करून मध्य प्रांत बनला आणि १९०६ मध्ये दुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा कारकुनाच्या तोंडी हे अर्थ पक्के बसलेले होते. हवालदार शिपाई झाला होता आणि चार्ज साहेबाकडे होता.

मराठी-हिंदी शब्दांची फाटाफूट समजून घ्यायची तर १९५० च्या दशकातले नागपूर पाहावे लागते. तेव्हा दुर्ग-रायपूर आणि विदर्भ एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर होती आणि हिंदी व मराठी या दोन्ही त्या राज्याच्या राजभाषा होत्या. डॉ. रघुवीर यांचे इंग्रजीला संस्कृतोद्भव पर्याय घडवण्याचे प्रचंड काम त्याच काळात नागपुरात चालले होते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या कारखान्याचा करार झाला तेव्हा भिलाई हे नागपुरातून चालवल्या जाणाऱ्या राज्यातले खेडे होते. पावणेदोन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, दुर्ग नव्या मध्य प्रदेशात. कचेरीचे शब्द घडत असतानाच कचेऱ्या दोन राज्यांत वाटल्या गेल्या. महाराष्ट्रात १९६० मध्ये भाषा संचालनालय आले, तर हिंदीसाठी दिल्लीत १९६१ मध्ये वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग आला. दोघांच्या टेबलावर ‘चार्ज’ हाच इंग्रजी शब्द होता आणि समोर संस्कृतचे एकच कोठार. निवड मात्र वेगवेगळी झाली.

हिंदीने विजेच्या चार्जला ‘आवेश’ म्हटले. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत तो ‘प्रभार’ झाला. धनप्रभार आणि ऋणप्रभार. हिंदीने ‘प्रभार’ ठेवला तो पदासाठी आणि बिलासाठी: अधिकारी प्रभार ग्रहण करतो आणि वीजबिलात ऊर्जा प्रभार लागतो. मराठीने पदासाठी कार्यभार किंवा पदभार घेतला आणि बिलासाठी जुना आकार. त्यामुळे वैशाली नगरातल्या मराठी घरातला हिंदी माध्यमात शिकणारा मुलगा शाळेत ‘ऋण आवेश’ शिकतो आणि घरी आजोबा एखाद्याने ‘आवेशाने’ भाषण केल्याचे सांगतात. हिंदीत आवेशाला हे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत फक्त आजोबांचा. नागपूरला मामाकडे गेल्यावर मामेभावाच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘प्रभार’ दिसतो, तो याला पोलीस ठाण्याच्या पाटीवरून ठाऊक असतो.

‘प्रभारी’ या शब्दात तर खरी फसगत होते. छत्तीसगडात ‘थाना प्रभारी’ म्हणजे ठाण्याचा रीतसर नेमलेला प्रमुख. मराठीत ‘प्रभारी मुख्याध्यापक’ म्हटले की कायम माणूस नेमला जाईपर्यंत तात्पुरती व्यवस्था पाहणारा, असा अर्थ आधी मनात येतो. एकाचा मान दुसऱ्याच्या कानाला उणा वाटतो. न्यायालयाच्या बातम्यांतही असेच. पोलिसांनी आरोपपत्र दाखल केले, हे मराठी वाक्य छत्तीसगडच्या हिंदी वर्तमानपत्रात बरेचदा ‘चालान पेश’ होऊन येते, आणि मराठी माणसाला चलान ठाऊक असते ते बँकेत पैसे भरण्याचे किंवा रस्त्यावरच्या दंडाचे. या सगळ्या गोंधळातून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे ‘चार्ज’ म्हणून मोकळे होणे. भिलाईत इंग्रजी शब्द इतका रुजला त्याचे एक कारण हे आहे: तो दोन्ही शेजाऱ्यांना एकाच अर्थाने कळतो.

दुसरे आणि मोठे कारण कारखाना. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी राष्ट्राला अर्पण झाली. दल्ली-राजहरा येथील लोहखनिज, नंदिनीचा चुनखडक, हिर्रीचा डोलोमाइट आणि लांबून आलेला कोकिंग कोळसा असा माल भट्टीच्या तोंडापर्यंत नेऊन आत सोडणे हे तिथले अखंड काम. लोखंड वितळवणाऱ्या कारागिरांच्या इंग्रजीत त्याला ‘चार्जिंग’ म्हणतात, आणि हा त्या क्रियापदाच्या सर्वांत जुन्या, गाडीत माल भरण्याच्या अर्थाला सर्वांत जवळचा वापर आहे. जुन्या पद्धतीच्या झोतभट्टीवर तर तिरक्या रुळांवरून खरोखरच गाड्या चढतात. त्यांना स्किप म्हणतात. एक थर कोकचा, एक थर खनिज आणि चुनखडकाचा, असे आलटून पालटून भरावे लागते, कारण खालून वर येणाऱ्या तप्त वायूला वाट मिळाली पाहिजे. भरणीचा क्रम चुकला तर भट्टीची चाल बिघडते. वरून जे भरले जाते त्या सगळ्याला मिळून ‘चार्ज’ किंवा ‘बर्डन’ म्हणतात. बर्डन हा इंग्रजी शब्द ज्या प्राचीन धातूपासून आला त्याच धातूचे संस्कृत रूप ‘भृ’ आहे. त्यामुळे झोतभट्टीच्या माथ्यावर ‘भार’ आणि ‘चार्ज’ हे दोन्ही वंश एकाच ढिगाऱ्याला आपापले नाव देऊन उभे असतात.

कारखाना उभारायला आलेल्या सोव्हिएत तंत्रज्ञांना मात्र एवढे अर्थ एका शब्दात कोंबायची सवय नव्हती. रशियनमध्ये भट्टीत घालायच्या मिश्रणाला ‘शिख्ता’, खुल्या चुलीच्या भट्टीत घन माल घालण्याला ‘झवाल्का’, साधे लादणे किंवा भरणे याला ‘झग्रुझ्का’ आणि तोफेच्या व विजेच्या भरणीला ‘झर्याद’ असे वेगळे शब्द आहेत. दुभाष्यांना या चारही शब्दांपुढे इंग्रजीत एकच उत्तर द्यावे लागत असणार.

खुल्या चुलीच्या भट्ट्यांत, म्हणजे ओपन हार्थमध्ये, चार्जिंग हे यंत्राचे काम होते. रुळांवर फिरणारे चार्जिंग मशीन मोडीने, म्हणजे भंगाराने, भरलेली लोखंडी पेटी उचलून दारातून आत घाली, उलटी करी आणि बाहेर काढी. नंतर लॅडलमधून झोतभट्टीचे तप्त द्रव लोखंड ओतले जाई. पोलादाचा घाणा तयार व्हायला कित्येक तास लागत. त्या एका घाण्याला ‘हीट’ म्हणतात. १९८० च्या दशकात कन्व्हर्टर आले. तिथे आधी मोड आणि मग तप्त लोखंड चार्ज करून वरून प्राणवायू फुंकतात आणि तासाभराच्या आत हीट तयार होते. कामाचा वेग बदलला, क्रियापद तेच राहिले. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुरू झालेल्या, ‘महामाया’ नाव दिलेल्या आठव्या झोतभट्टीचे घनफळ ४,०६० घनमीटर आहे. इतका मोठा घास घेणाऱ्या भट्टीलाही माल चार्जच होतो.

कोक ओव्हन हा भिलाईतला या शब्दाचा खास गड. कोक ओव्हन म्हणजे उंच, लांब आणि जेमतेम हातभर रुंदीच्या कोठड्या, एकीला एक लागून, ओळीने उभ्या. दोन कोठड्यांच्या मधल्या भिंतीतून वायू जळत असतो. अशा साठ-पासष्ट कोठड्यांच्या एका ओळीला ‘बॅटरी’ म्हणतात. तोफांची ओळ ती बॅटरी, तशी भट्ट्यांची ओळ ती बॅटरी. बॅटरीच्या माथ्यावरून चार्जिंग कार धावते. ती ठरलेल्या कोठडीवर थांबते, झाकणे उघडली जातात, दळलेला कोळसा खाली सोडला जातो, बाजूच्या यंत्राचा लांब दांडा आत शिरून ढीग सपाट करतो आणि झाकणे पुन्हा लिंपली जातात. हवा न लागता सतरा-अठरा तास तापलेल्या कोळशाचा कोक झाला की तो लालबुंद स्थितीत ढकलून बाहेर काढतात आणि पाण्याने विझवतात. कोठड्या ओळीने एकामागून एक चार्ज करत नाहीत, मधल्या सोडून ठरावीक अंतराने करतात. शेजारची भिंत एकदम थंड पडू नये आणि ढकलताना दोन्ही बाजूंचा आधार राहावा यासाठी हा खटाटोप.

माथ्यावर उष्णता, वायू आणि काळी धूळ. चार्ज करताना उसळणारा पिवळा धूर ही जुन्या बॅटऱ्यांची ओळखच होती. नंतर तो वायू दाबाखालच्या फवाऱ्याने आत ओढून घेण्याची व्यवस्था आली. या विभागातल्या माणसाने घरी ‘आज बॅटरी चार्ज करायला उशीर झाला’ असे म्हटले तर त्यात शेकडो टन कोळसा असतो. तेच वाक्य त्याची नात म्हणते तेव्हा त्यात पाच इंची पडदा असतो. मराठीत बॅटरीचा तिसरा अर्थही आहे, हातातली विजेरी, पण तिच्यातले सेल चार्ज होत नसत, ते ‘उतरत’ आणि बदलावे लागत.

कारखान्याच्या उतरंडीतही हा शब्द पद होऊन बसला. मिस्त्रीच्या वर आणि फोरमनच्या खाली ‘चार्जमन’. नागपूरजवळच्या अंबाझरीसारख्या आयुध निर्माण्यांत हे पद रूढ होते, पोलाद कारखान्यांतही होते. चार्जमन भट्टीत काही भरत नाही. त्याच्याकडे माणसे आणि यंत्रे सोपवलेली असतात. म्हणजे हा हवालदाराचाच वारस, पण भट्टीशेजारी उभा असल्यामुळे नवख्याला तो चार्जिंग करणारा वाटतो.

आणि मग चार्जशीट. १९४६ च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) अधिनियमाने कारखान्यांना शिस्तीचे नियम लिहून प्रमाणित करून घेणे भाग पाडले. कामगारावर कारवाई करायची तर आधी त्याला दोष लेखी कळवायचा, उत्तर मागायचे, चौकशी करायची. त्या पहिल्या कागदाला चार्जशीट म्हणतात. फौजदारी कायद्यातली चार्जशीट वेगळी. ती पोलीस तपास संपल्यावर न्यायालयात जाते, आणि तिच्या आधारे न्यायालय स्वतः जो ‘चार्ज’ ठेवते तो आणखी वेगळा. मराठी विधिभाषेत तो दोषारोप. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली तरी आरोपपत्र आणि दोषारोप यांतला हा फरक कायम आहे. बोलण्यात मात्र तिन्ही कागदांची एकच चार्जशीट होते, आणि ‘त्याला चार्जशीट मिळाली’ एवढ्यावरून माणूस उशिरा कामावर आला होता की तुरुंगात जाणार आहे हे कळत नाही.

वैशाली नगरापर्यंत हा शब्द पोचतो तो या कारखान्याच्या सावलीतून. कंपनीचे क्वार्टर नोकरी असेपर्यंतचे. निवृत्तीनंतर ते सोडावे लागते, म्हणून टाउनशिपच्या आखीव सेक्टरांबाहेर घरे बांधून राहणाऱ्यांच्या वस्त्या वाढल्या. सुपेला-कोहका बाजूचे वैशाली नगर त्यांपैकी एक. २००८ पासून ते विधानसभेच्या एका मतदारसंघाचे नावही झाले. सेक्टरातून इथे आलेल्या घराला चार्जचा एक नवा अर्थ लवकर कळतो. टाउनशिपमध्ये वीज कारखान्याच्या यंत्रणेकडून येते, इथे राज्याच्या वितरण कंपनीकडून. बिलाचा कागद बदलतो, त्यावरचे चार्ज बदलतात, आणि ‘भरणे’ तेवढे तसेच राहते.

एवढ्या अर्थांची गर्दी मराठीत खपते कशी, याचे उत्तर व्याकरणात आहे. इंग्रजी शब्दाचे अर्थ शब्दयोगी अव्ययांनी वेगळे करते: अमुकावर धावणे, अमुकाबद्दल पैसे घेणे, अमुकाचा आरोप ठेवणे यांसाठी ‘चार्ज’पुढे निरनिराळी अव्यये येतात. कधी तर एका उपपदाने उलथापालथ होते. ‘इन चार्ज ऑफ’ म्हणजे सांभाळणारा आणि ‘इन द चार्ज ऑफ’ म्हणजे सांभाळला जाणारा. मराठीने ‘चार्ज’ला क्रियापद म्हणून घेतलेच नाही. त्याला नाम केले, पुल्लिंगी ठरवले आणि क्रियेचे काम आपल्या जुन्या सहायकांवर सोपवले. चार्ज घेणे आणि देणे ही कचेरीतली क्रिया, चार्ज करणे भट्टीची किंवा बॅटरीची, चार्ज लावणे बिलाची किंवा आरोपाची, चार्ज पडणे फक्त पैशाची, चार्ज होणे मोबाइलची आणि अलीकडे उत्साहाने फुललेल्या माणसाचीही. सहायक नसेल तिथे विभक्तीचा प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय काम करतात. ‘त्याच्याकडे चार्ज आहे’ म्हणजे अधिकार, ‘त्याच्यावर चार्ज आहे’ म्हणजे आरोप, ‘त्याला चार्ज आहे’ म्हणजे तो मोबाइल असेल किंवा त्या सेवेचे पैसे पडत असतील. ‘कडे’, ‘वर’ आणि ‘ला’ या तीन अक्षरखंडांनी साहेब, आरोपी आणि यंत्र वेगळे केले.

इथेच एक बारीक नियम दिसतो. ‘चार्ज’ला उपसर्ग लागून आलेल्या शब्दांना मराठीने वेगवेगळे सहायक दिले. दवाखान्यातून डिस्चार्ज ‘मिळतो’ किंवा ‘घेतात’, कारण तो परवानगीचा कागद मानला गेला. मोबाइल मात्र डिस्चार्ज ‘होतो’. रिचार्ज ‘करतात’, तरुणांच्या तोंडी ‘मारतात’. सरचार्ज ‘लागतो’, लेखी मराठीत तो अधिभार. लाठीचार्ज ‘होतो’ किंवा ‘करतात’, पण मराठी वर्तमानपत्रांना अजूनही लाठीमार अधिक आवडतो, आणि तो बहुतेकदा ‘सौम्य’ असतो.

वर्तमानपत्रांची ही निवड सोडली तरी ज्या अर्थांत मराठीचा स्वतःचा शब्द पूर्वीपासून बोलीत होता तिथे ‘चार्ज’ला फारसा शिरकाव मिळालेला नाही. गाडी अजून भरतातच, ट्रक चार्ज करा असे कोणी म्हणत नाही. बंदूक ठासतात किंवा भरतात. फी भरतात. खटला भरतात. जिथे वस्तू किंवा व्यवस्थाच नवी होती, म्हणजे बदलीचा दाखला, कोक ओव्हन, खातेनिहाय चौकशी, मोबाइल, तिथे शब्दही नवा आला आणि राहिला. आता रस्त्यावर विजेवर चालणाऱ्या रिक्षा आणि दुचाकी आल्या आहेत. पेट्रोल पंपावर गाडीत पेट्रोल ‘भरतात’ किंवा ‘टाकतात’. या गाड्या रात्री घराच्या ओट्यावर वायर जोडून ‘चार्जिंगला लावतात’. चाकांच्या गाडीत काहीतरी भरण्यापासून सुरू झालेले क्रियापद पुन्हा चाकांच्या गाडीपाशी आले आहे, फक्त या वेळी आत भरले जाते ते दिसत नाही.